पिकअपचं पॉवर स्टेअरिंग मॉड्यूल बदलताय? या चुका टाळा

स्टेअरिंग जड झालं, डॅशवर दिवा लागला, स्कॅनरने यू०१३१ हा फॉल्ट कोड दाखवला, की लगेच नवं मॉड्यूल (इलेक्ट्रिक स्टेअरिंगची मोटर चालवणारं कंट्रोल युनिट) मागवलं जातं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हा कोड इतकंच सांगतो की, स्टेअरिंग मॉड्यूलशी बाकीच्या मॉड्यूल्सचा संपर्क तुटलाय. का तुटलाय, ते शोधायचं काम आपलं. फ्यूज उडाला किंवा अर्थचा (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह तारेचा) जोड गंजला, तरी हाच कोड येतो.

मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय ठीक, असं धरून चालू नका. केबलची एकच तार शाबूत असली तरी लोड नसताना मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की मोटर ५० अँपिअरच्या वर सहज जाते, आणि खराब जोड तिथेच उघडा पडतो. म्हणून इंजिन चालू ठेवा, एकाला स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि मॉड्यूलची अर्थ पिन व बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामधला व्होल्टेज पाहा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल, ०.५ च्या वर गेला तर अर्थचा बोल्ट खोलून घासा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा.

मॉड्यूल्समधल्या संपर्काच्या तारा तपासण्यासाठी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि स्कॅनर लावतो त्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटलीय. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे.

रॅकचे (स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट नीट पाहा. फाटक्या बुटातून शिरलेलं पाणी मोटर आणि मॉड्यूलपर्यंत पोचतं. बूट तसाच ठेवलात तर नवं मॉड्यूलही जाईल. बऱ्याच पिकअपमध्ये मॉड्यूल सुटं मिळतच नाही, मोटर किंवा अख्ख्या रॅकसोबत येतं. ऑर्डर देण्याआधी चेसिस नंबरवरून पार्ट नंबर पडताळा. दुसऱ्या गाडीतून काढलेलं मॉड्यूल त्या गाडीच्या नंबरशी जोडलेलं असू शकतं, मग ते तुमच्या गाडीत चालेलच असं नाही.

रॅक उतरवताना चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग बांधून टाका. शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं फिरलं तर आतला क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

प्रोग्रामिंग, म्हणजे नव्या मॉड्यूलमध्ये गाडीचं सॉफ्टवेअर भरणं, नुसत्या बॅटरीवर करू नका. मधेच व्होल्टेज पडला तर कोरं मॉड्यूल निकामी होऊ शकतं. स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय लावा. साधा चार्जर चालत नाही.

रॅक बदलला असेल तर आधी व्हील अलाइनमेंट, मगच स्टेअरिंग अँगल आणि टॉर्क सेन्सरचं झीरो कॅलिब्रेशन (सरळ स्थिती म्हणजे शून्य, हे सेन्सरना शिकवणं). क्रम उलटा केला तर गाडी एका बाजूला ओढते, स्टॅबिलिटी कंट्रोलचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा जात नाही, आणि दोष पुन्हा नव्या मॉड्यूलवर येतो.

सगळं झाल्यावर, शेवटच्या टोकापर्यंत वळवलेलं स्टेअरिंग बराच वेळ तसंच धरून ठेवलं तर ते हळूहळू जड होईल. मोटर तापू नये म्हणून मॉड्यूल स्वतःच करंट कमी करतं. थोडं थांबल्यावर ते पूर्ववत झालं तर काहीही खोलायची गरज नाही.