दिव्यांग पेन्शन अडली? वकील गाठण्याआधी या चुका टाळा

तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीची, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या समितीची, एक छोटी खोली आहे. तिथे मी आठवड्यातून दोन दिवस बसते. पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून, म्हणजे वकील नव्हे. अर्ज लिहून द्यायचा, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं, एवढंच काम. येणाऱ्याच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी असते, पिशवीत आधारच्या पाच-सहा झेरॉक्स, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, एखादा चांगला वकील सांगा."

"अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आणलंय का?"

"पत्र कुठलं? तोंडीच म्हणाले, बसत नाही म्हणून."

दहातली सात-आठ प्रकरणं इथेच अडकलेली असतात, आणि कितीही मोठा वकील लावला तरी तो इथूनच सुरुवात करणार.

तोंडी नकार घेऊन घरी येणं

वरिष्ठ अधिकारी असोत, दिव्यांग आयुक्त असोत की न्यायालय, 'माझा अर्ज नाकारला' म्हटलं की ते विचारणार, कुठला अर्ज, कधी दिला, नाकारल्याचा आदेश कुठे आहे? म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा (दिव्यांग पेन्शन याच योजनेतून मिळते) अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन भरला असेल तर अर्ज क्रमांकाची पावती छापून ठेवा. खिडकीवर कागद घेतच नसतील तर वाद घालू नका. तोच अर्ज तहसीलदारांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा, पोस्टाची पावती जपा.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखला जोडा, तोही लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे दवाखान्यापासूनची सगळी कहाणी त्यात लिहू नका. 'माझी पेन्शन का दिली नाही?' असंही विचारू नका. या कायद्याखाली दप्तरी असलेला कागद मिळतो, नसलेलं स्पष्टीकरण कुणी तयार करून देत नाही. असं लिहा: 'माझ्या अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अर्जावरील कार्यालयीन टिप्पणीची व संजय गांधी निराधार योजना समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी.' खरं कारण त्या टिप्पणीत असतं.

हे मलाही उशिरा कळलं. पहिल्याच वर्षी एका काकूंना मी उत्साहाने पुण्याला दिव्यांग आयुक्तालयात पाठवलं. पोलिओमुळे एक पाय अधू, सोबत मुलगा, दोघांची दिवसाची मजुरी बुडाली. हातात आदेश नव्हता, साधी पोचही नव्हती. मोकळ्या हातांनी परत आल्या, आणि मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, याचंच जास्त लागलं. मग माहिती अधिकारातून टिप्पणी मागवली. तीवर एका ओळीचा शेरा होता: उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य. सेतूतून नवा दाखला काढून जोडला. वकिलाचं काम त्यात कुठेच नव्हतं.

भांडण दवाखान्याशी, नोटीस तहसीलदाराला

प्रमाणपत्र आणि पेन्शन ही दोन वेगळी दारं आहेत. दिव्यांगत्वाची टक्केवारी सरकारी रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तिथूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० पासून पुढे निळं. पेन्शन तहसीलमधून, आणि तिथे टक्केवारीबरोबर उत्पन्नही पाहतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, शिवाय महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं. २०२५ मध्ये दिव्यांगांची महिन्याची रक्कम १,५०० वरून २,५०० झाली, तेव्हापासून आमच्या खोलीतली गर्दीही वाढली आहे.

कार्डावर ३८ टक्के, म्हणजे ४० च्या खाली, लिहिलंय आणि म्हणून पेन्शन नाकारली, तर तहसीलदार काही करू शकत नाहीत. अशा वेळी त्यांना वकिलाची नोटीस पाठवणं म्हणजे घागर फुटली म्हणून विहिरीला दोष देणं. तक्रार टक्केवारीची असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ खाली अपील आहे. त्याला मुदत असते, म्हणून प्रमाणपत्र हातात पडलं त्याच आठवड्यात हालचाल करा, आणि जुने एमआरआय, ऑडिओग्राम, डिस्चार्ज कार्ड घरी ठेवू नका, अपिलाला जोडा. नुसतं 'मला जास्त त्रास होतो' हे लिहून टक्के वाढत नाहीत.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची शेवटची तारीख आधी पाहा. चालू पेन्शन अचानक बंद पडल्यावर लोक षडयंत्र शोधतात. कारण अनेकदा ही तारीख असते, नाहीतर हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला असतो.

'सरकारी वकील नको, तो लक्ष देत नाही'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. पण विधी सेवेचा वकील हा सरकारी वकील नसतो. तो विधी सेवेच्या पॅनेलवरचा, म्हणजे यादीतला, एरवी खासगी प्रॅक्टिस करणाराच वकील असतो आणि तुमच्या बाजूने उभा राहतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांनाही हाच हक्क आहे, त्यामुळे मुलासाठी धडपडणारी आई दोन्ही बाजूंनी पात्र ठरते. कोर्ट फी, टायपिंग, कागदपत्रांच्या प्रती हा खर्चही त्यात येतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण, तालुक्याला तालुका समिती, फोनवर विचारायचं तर १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन. पॅनेलवरच्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. ते स्वतः न्यायिक अधिकारी असतात.

वकील खरंच लक्ष देत नसेल तर बदलून मागा. तसं करता येतं, लोक मागत नाहीत इतकंच.

एजंट

सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर सरळ पुढे चला. खोट्या मार्गाने लाभ घेतल्यास, किंवा तसा नुसता प्रयत्न केल्यासही, २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि गुन्हा दाखल होतो तेव्हा एजंटचा फोन बंद लागतो.

आयुक्तांकडून भलतीच अपेक्षा

पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण शेवटी ते देतात ती शिफारस. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत तिच्यावर काय केलं ते कळवायचं, आणि मान्य नसेल तर कारण द्यायचं. ते कारण तुम्हालाही कळवावं लागतं. कार्यालय तरीही हललं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि वकिलाची खरी गरज इथे आहे. विधी सेवा तिथेही मिळते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं.

एक गोष्ट बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी. मूल अठरा वर्षांचं झालं की बँक पालकत्वाचा कागद मागते, आणि आई-बाप घाबरून दिवाणी दावा लावायला निघतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करा. मानसिक आजार या कायद्यात येत नाही, त्याचा रस्ता वेगळा आहे. अशा वेळी आधी जिल्हा प्राधिकरणात विचारा.

येताना सगळ्या कागदांच्या दोन प्रती आणा, आणि तारखांचा एक साधा कागद लिहून आणा: कधी अर्ज दिला, कधी गेलो, कोणत्या टेबलावर काय सांगितलं. त्या काकू आता दर वेळी असा कागद आणतात. परवा शेजारणीचाही आणला होता.