बेणणीच्या दिवसांतील दंश: पाऊस ओसरताना कोकणातील बागायतदारांसाठी सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की कोकणात भातकापणीच्या जोडीनेच आंबा-काजूच्या बागांत बेणणी, म्हणजे वाढलेले गवत-झुडपे कापून साफ करण्याचे काम, सुरू होते. जून ते सप्टेंबर या काळात ज्या गवतात, झुडपांत आणि वेलींच्या जाळ्यांत माणसाचा पाय क्वचितच पडलेला असतो, तेथे एकाएकी कोयते, ग्रास कटर आणि गडीमाणसे शिरतात. दरम्यान गांधीलमाश्यांची पोळी भरून आलेली असतात, ओंबिलांनी (तांबड्या मुंग्यांनी) नव्या फांद्या ताब्यात घेतलेल्या असतात आणि झावळ्यांच्या मागे अंगावर काटे असलेल्या अळ्या पोसलेल्या असतात. दंश होतो तो बहुतेक वेळा त्यांच्या घरावर आपला हात किंवा पाय पडल्यामुळे. त्यामुळे हत्यार उचलण्यापूर्वी केलेली पाहणी हा या काळातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही पाहणी बेणणीच्या आदल्या दिवशी, ऊन थोडे चढल्यावर करावी. भल्या पहाटे गांधीलमाश्या पोळ्यात बसून असतात आणि पोळे दिसत नाही. ऊन तापले की त्यांची ये-जा सुरू होते. बागेच्या प्रत्येक भागात काही मिनिटे स्वस्थ उभे राहिल्यास एकाच झुडपाकडे किंवा जमिनीतील एकाच बिळाकडे सरळ रेषेत जाणाऱ्या माश्या लक्षात येतात. त्या जागेच्या फार जवळ न जाता, दहा-बारा पावलांवर एखाद्या काठीला रंगीत फडके बांधून खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा न बेणता सोडून द्यावा. बांधाच्या कपारी, जुन्या झाडांच्या ढोली, करवंदाच्या जाळ्या आणि मांगराच्या (बागेतील झोपडीच्या) पाख्याखालचा भाग या जागा आवर्जून पाहाव्यात.

ग्रास कटरमुळे काम झपाट्याने होते, पण त्याने एक नवा धोकाही आणला आहे. यंत्राच्या आवाजात चालवणाऱ्याला माश्यांची घोंघावणी ऐकू येत नाही, आणि पाते झुडपाला लागताच त्याची थरथर थेट पोळ्यापर्यंत पोचते. कोयत्याने बेणणाऱ्या माणसाला पहिली माशी दिसताच मागे सरता येते. यंत्रवाल्याला बहुधा पहिला डंख बसल्यावरच कळते. म्हणून यंत्र चालवणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात, पण पात्यापासून सुरक्षित अंतरावर दुसरा माणूस असावा आणि दोघांत हाताची एक खूण आधीच ठरलेली असावी. अंगात पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सदरा, पायांत गमबूट आणि चेहऱ्यावर जाळी असावी. गडद कपडे आणि अत्तराचा उग्र वास या दोन्ही गोष्टी माश्यांना चेतवतात.

माश्या उठल्याच तर यंत्र बंद करून तेथेच सोडावे, दोन्ही हातांनी चेहरा झाकावा आणि सरळ दूर निघून जावे. हात झटकणे, टोपीने मारणे किंवा जागीच बसून राहणे यांमुळे डंख वाढतात. पळताना इतर गडी ज्या बाजूला काम करीत आहेत त्या बाजूला जाऊ नये. आपल्यामागे आलेला थवा त्यांच्यावर उलटतो.

पोळे वाटेवर किंवा घराला लागून असेल तरच ते काढण्याचा विचार करावा, आणि तेही माहीतगार माणसाकडून, अंधार पडल्यावर. रॉकेलचा बोळा पेटवून पोळे जाळण्याची रीत आता सोडून द्यायला हवी. वाळू लागलेल्या गवतात ठिणगी पडली तर बाग धोक्यात येते, आणि शिडीवर मशाल घेऊन चढलेल्या माणसाला एक डंख बसला तरी तो खाली कोसळू शकतो. पानाखाली लोंबणारी, दहा-वीस घरांची लहान कागदी पोळी तर ठेवावीतच. या माश्या आपल्या पिलांना अळ्या चावून भरवतात, आणि त्यांत पालवी खाणाऱ्या अळ्याही असतात. मांगराच्या भिंतीवर मातीची बुधली बांधणारी कुंभारीण एकटीच राहते, घरासाठी झुंडीने अंगावर येत नाही आणि डिवचल्याशिवाय डसत नाही. तिची घरे खरवडून काढण्याचे काहीच कारण नाही.

आता ओंबिलांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण कोकणातील बागेत सर्वांत जास्त चावणारा आणि तरीही सर्वांत जास्त उपयोगी पडणारा कीटक तोच आहे. यांना कुठे ओंबील म्हणतात, तर कुठे हुमले. या तांबड्या मुंग्या साखळी करून पाने जवळ ओढतात आणि आपल्याच पिलांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने ती शिवतात. त्यांना नांगी नसते. त्या जबड्याने चावा घेतात आणि पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल त्या जागी सोडतात. आग होते ती त्यामुळे. ती सहसा थोड्या वेळात शमते, पण आम्ल डोळ्यांत गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत.

काजूच्या नव्या पालवीवर आणि मोहोरावर सोंड खुपसून रस शोषणारा ढेकण्या हा काजू बागायतदाराचा मोठा शत्रू. ज्या झाडावर ओंबिलांचा राबता चांगला असतो, त्या झाडावर ढेकण्याला टिकणे अवघड जाते. दक्षिण चीनमधील संत्र्याच्या बागांत या मुंग्यांची घरटी मुद्दाम आणून झाडांवर बांधण्याची प्रथा शेकडो वर्षांपासून नोंदलेली आहे, आणि ऑस्ट्रेलियातील काजूच्या बागांतही त्यांचा असा उपयोग अभ्यासला गेला आहे. आपल्याकडे हे राखणदार फुकट मिळतात आणि आपण पालवीवरच्या पहिल्याच फवारणीत त्यांना मारून टाकतो, याचे मला फार वाईट वाटते. ज्या काजूवर ओंबिलांची घरटी भरलेली आहेत आणि पालवीवर ढेकण्याचे काळपट डाग दिसत नाहीत, ती झाडे रंगाच्या पट्ट्याने ओळखून फवारणीतून वगळावीत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच ओंबील गोड स्रावासाठी पिठ्या ढेकूण आणि खवले किडीला सांभाळतात. त्यामुळे घरट्यांच्या आसपासच्या कोवळ्या फांद्या अधूनमधून तपासाव्यात, आणि या किडी वाढलेल्या दिसल्यास तेवढी फांदी छाटून काढावी. हापूसच्या कलमांवर काढणीच्या वेळी गड्यांना होणारा त्रास ही खरी अडचण आहे. तेथे शक्य तितकी फळे जमिनीवरून झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) काढावीत. झाडावर चढणे भाग असेल तर पहाटेच्या गारव्यात चढावे, कारण थंडीत ओंबील मंद असतात, आणि हातापायांना चुलीची कोरडी राख चोळून घ्यावी, म्हणजे त्यांची पकड नीट बसत नाही.

अडचणीच्या फांदीवरील घरटे पहाटे फांदीसकट कापून, पोत्यात घालून काजूच्या झाडावर नेऊन बांधता येते. मात्र त्या झाडावर दुसऱ्या वसाहतीच्या मुंग्या आधीपासून नसाव्यात, नाहीतर दोन्ही वसाहती एकमेकींशी लढून संपतात. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यांतल्या एखाद्याच घरट्यात असते. ते घरटे आले नाही तर नव्या जागेवरची वस्ती काही काळाने ओसरते.

मधमाश्यांपैकी सातेरी, फुलोरी आणि इवल्याशा कोती यांच्यापासून बागेत काम करणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. कोतीला तर डंखच नसतो. ती घामाच्या ओढीने कपाळावर, डोळ्यांच्या कडांशी घुटमळते, तिला हाताने हळूच दूर करावे. आग्या मोहोळाची गोष्ट निराळी आहे. ते उंच झाडाच्या जाड फांदीवर किंवा कड्यावर उघड्यावर लटकते, आणि एकदा चेतले की शेकडो माश्या दूरपर्यंत पाठलाग करतात. अशा झाडाखाली धूर करणे, दगड मारणे किंवा यंत्र लावणे टाळावे. माश्या मागे लागल्यास बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. पाण्यात बुडी मारून उपयोग होत नाही, त्या वर थांबून राहतात.

मधमाशीच्या काटेरी नांगीला विषाची पिशवी जोडलेली असते, आणि डंखानंतर नांगी पिशवीसह कातडीत राहून विष सोडतच राहते. त्यामुळे ती नखाने खरवडून, जमेल तितक्या लवकर काढणे हेच महत्त्वाचे. त्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, तो इतर माश्यांना बोलावणारा इशारा असतो, म्हणून जागा सोडून दूर गेल्यावर ती धुवावी. गांधीलमाशीची नांगी कातडीत राहत नाही आणि एकच माशी अनेकदा डसू शकते.

काही कीटक केवळ कुतूहलाने आल्यासारखे वाटतात. जुन्या वाशाला किंवा वाळक्या फांदीला भोक पाडून राहणारा मोठा सुतारभुंगा माणसाच्या तोंडासमोर हवेत स्थिर राहून जणू निरखत असतो. असे करणारा बहुधा नर असतो, आपल्या हद्दीत कोण आले ते पाहत असतो, आणि त्याला डंख नसतो. मादीला तो असतो, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. बेणणाऱ्यांच्या भोवती चतुर घिरट्या घालतात ते गवतातून उठलेले डास आणि बारीक किडे टिपण्यासाठी. त्यांना हाकलू नये.

डासांसाठी मात्र बागेत स्वतःच जागा तयार होतात. नारळाच्या करवंट्या, माडाखाली पडलेल्या पोवल्या, सुपारीच्या विऱ्या, फवारणीच्या रिकाम्या बादल्या आणि रबराच्या झाडांना लावलेल्या वाट्या यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे, म्हणजे डेंगीचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास पूर्ण होण्याआधीच मोडते.

माडाच्या झावळ्यांवर आणि आंब्याच्या पानांवर हिरव्या, काटेरी पुंजके असलेल्या चपट्या अळ्या आढळतात. याच गटातील अळी उसावर दिसली तेव्हा, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, ‘घोणस अळी’ या नावाने बीड, सोलापूर आणि अहमदनगर परिसरात मोठी घबराट पसरली होती. तिच्या स्पर्शाने तीव्र आग आणि सूज येते, परंतु ती साप चावल्यासारखी जीवघेणी नाही. त्या जागी चिकटपट्टी लावून ओढावी, म्हणजे कातडीत घुसलेले केस निघून येतात. मग साबणाने धुऊन बर्फ लावावा. चोळू नये. पाडेल्यांनी (नारळ पाडणाऱ्यांनी) माडावर चढताना झावळीच्या खालच्या बाजूस हात घालण्यापूर्वी पाहून घ्यावे.

भेंडी, चवळी आणि जास्वंदीच्या फुलांवर या दिवसांत काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे येतात. ते चावत नाहीत, पण चिरडले गेल्यास त्यांच्या अंगातील द्रवाने कातडीवर फोड उठतात. ते हातमोजे घालून वेचावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. भातखाचरांतून रात्री दिव्याकडे येणारा, मुंगीसारखा लांबट, तांबडा-काळा भुंगेराही असाच; तो मानेवर बसला तर चापट न मारता फुंकून उडवावा आणि जागा धुवावी, कारण त्याची आग लगेच नव्हे, तर बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवते.

कोणताही डंख झाल्यावर अंगठी, बांगडी किंवा घड्याळ सूज येण्याआधी काढावे, जागा साबणाने धुवावी आणि थंड कापड ठेवावे. चुना किंवा तंबाखू लावू नये. भाजलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. डंखापासून दूर अंगभर गांध्या उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास अडकणे, चक्कर येणे किंवा उलटी होणे ही जीवघेण्या ॲलर्जीची लक्षणे आहेत आणि ती काही मिनिटांतही दिसू शकतात. अशा माणसाला चालवत नेऊ नये. आडवे झोपवून पाय वर ठेवावेत, श्वासाचा त्रास असेल तर टेकून बसवावे, आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच वेळी पुष्कळ गांधीलमाश्या डसल्या असतील तर माणूस ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात दाखवावे. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी किंवा गडद रंगाची होऊ लागली, तर मूत्रपिंडाला इजा झालेली असण्याची शक्यता असते.

शेवटी आठ पायांच्या पाहुण्यांबद्दल, जे कीटक नसले तरी त्याच गवतातून अंगावर चढतात. गवतातील अतिसूक्ष्म चिगर माइटच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, पण ती काखेत किंवा जांघेत असल्याने पुष्कळदा नजरेआड राहते. गोचिडांमुळे पसरणारा माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि त्याआधी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आढळला आहे, आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूवेचणीचा असतो. जंगलाला लागून बाग असलेल्यांनी आतापासूनच एक सवय लावून घ्यावी. बागेत जाताना उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, पालापाचोळ्यावर बसू नये, घरी येताच गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात भिजत टाकावेत आणि काखा, गुडघ्यांमागचा भाग व केसांची मुळे तपासावीत. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतणे किंवा चटका देणे टाळावे. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर आपण बागेत काम केले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. बागेत किंवा लगतच्या रानात माकड मेलेले आढळल्यास त्याला हात न लावता आणि जवळ न जाता वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे, आणि ती जागा स्वच्छ होईपर्यंत त्या बाजूची वेचणी बंद ठेवावी.