प्ले दाबलं तरी व्हिडिओ सुरू होत नाही?

साइटवरचा एमपी४ व्हिडिओ सुरू व्हायला वेळ लागला की आपण होस्टिंगला नावं ठेवतो. आधी फाइल तपासा. कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची एमपी४मध्ये बऱ्याचदा शेवटी असते, कारण रेकॉर्डिंग संपल्याशिवाय ती लिहिताच येत नाही. ती हाती येईपर्यंत ब्राउझरला चित्र दाखवता येत नाही. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या मोफत व्हिडिओ साधनात कोडेक 'कॉपी' ठेवून (म्हणजे चित्र-आवाज जसाच्या तसा) मूव्हफ्लॅग्जला 'फास्टस्टार्ट' द्या (-c copy -movflags +faststart). सूची पुढे येते, दर्जा तसाच राहतो आणि काम चटकन उरकतं. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या अ‍ॅपमधल्या 'वेब ऑप्टिमाइझ्ड'नेही सूची पुढे येते, पण तिथे व्हिडिओ पुन्हा एन्कोड, म्हणजे नव्याने कॉम्प्रेस होतो.

मग सर्व्हर. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून व्हिडिओ मधूनच पुढे सरकवा. सर्व्हरच्या उत्तराचा कोड २०६ (मागितलेला तुकडाच दिला) यायला हवा. २०० (अख्खी फाइल दिली) आला तर सर्व्हर फाइल तुकड्यांत देत नाही, आणि आयफोनवर व्हिडिओ बहुधा चालणारच नाही. पीएचपी स्क्रिप्टमधून फाइल पाठवत असाल तर पहिला संशय तिच्यावरच घ्या.

ऑडिओचा हिशेब सोपा: १२८ केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी खातो. पानावर दहा-वीस फाइली असतील तर ऑडिओ टॅगमध्ये प्रीलोड 'नन' (preload="none") ठेवा, म्हणजे प्ले दाबेपर्यंत त्या उतरत नाहीत.