सशाशी मैत्री करायची तर आधी जमिनीवर बसा

ससा इतर प्राण्यांचं भक्ष्य आहे आणि त्याचं सगळं शरीर त्याच हिशेबाने घडलेलं आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, थोडे वर असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३६० अंशांत दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं. आपण मात्र लाडाने हात नेमका तिथेच नेतो. बोटं एकाएकी उगवल्यासारखी वाटून तो दचकतो, कधी चावतोही, आणि मग ससा माणूसघाणा ठरतो. वरून झडप घातल्यासारखा आलेला हात तर त्याहून वाईट.

म्हणून सुरुवात अशी करा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, जेव्हा ससे आपणहून जागे आणि चपळ असतात, तेव्हा त्याच्या जागेचं दार उघडं ठेवा आणि जमिनीवर बसा. त्याच्याकडे तोंड करून नको, थोडं बाजूला वळून. रोज वीसेक मिनिटं पुरतात. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी अंथरा. सशाच्या तळव्यांना गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे पाय घसरतात आणि घसरणारा ससा घाबरलेलाच राहतो. अत्तर लावू नका. तुमची ओळख तो वासाने आणि आवाजाने पटवतो, म्हणून खोलीत शिरण्याआधी हळू आवाजात बोला.

तो येईल, हुंगेल, परत पळेल. येऊ द्या, जाऊ द्या. गुडघ्यावर हनुवटी घासली तर समजा, तिथल्या ग्रंथींचा वास लावून त्याने तुम्हाला आपल्या परिसरात जमा केलं. पाला द्यायचा तर मिशांच्या बाजूने द्या. तोंडाजवळचा घास तो डोळ्यांनी पाहत नाही, मिशा आणि ओठांनी चाचपतो.

पहिला स्पर्श कपाळावर. हात बाजूने, त्याला दिसेल असा आणा आणि कपाळावरून कानांच्या मुळापर्यंत केसांच्या दिशेने फिरवा. पोट, पाय, हनुवटी सोडा. डोकं जमिनीला टेकवून तो स्वस्थ बसला तर चालू ठेवा. दात अगदी हलके घासले जाताना गालांची थरथर हाताला जाणवते, ते समाधान. अंग चोरून बसून दात करकरा वाजवणं मात्र वेदनेचं लक्षण आहे. त्यात खाणंही थांबलं असेल तर सकाळची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्य गाठा. सशाचं आतडं थांबलं की काही तासांत जिवावर बेततं.

मैत्री बिघडते ती बहुतेक वेळा उचलण्यावरून. हात फक्त पकडायला, नखं कापायला किंवा औषध पाजायला येत असेल, तर हात म्हणजे संकट हे तो पक्कं शिकतो. म्हणून विनाकारण उचलू नकाच. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट. मागचे पाय लोंबकळले तर तो जोरात लाथ झाडतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच नाही. उताणा केल्यावर ससा निपचित पडतो, त्याला लोक झोप समजतात. ती भीतीने आलेली निश्चलता असते. काम झालं की लगेच जमिनीवर ठेवा, आवडीचा पाला द्या आणि तुम्हीही तिथेच थोडा वेळ बसून राहा.