गाळ्यात चित्रं ठेवताय? आधी पाठीचा फोटो काढा

हडपसरच्या भाड्याच्या गाळ्यातून माझे सात कॅनव्हास गेले. फिर्याद घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "मॅडम, चित्रात काय होतं?"

"अमूर्त आहेत."

ते पेन थांबवून बघत राहिले. शेवटी लिहिलं, 'निळ्या रंगाची मोठी चित्रे, नग सात.' एवढ्यावरून चित्र सापडलं तरी माझंच आहे हे पटवणार कसं?

समोरून फोटो माझ्याकडेही होते, इन्स्टाग्रामसाठी कडा कापलेले. तुम्ही पाठीचाही काढा: सही, स्टेपलच्या जागा, झिरपलेला तेलाचा डाग. मग अंधार करून टॉर्च बाजूनं आडवा धरा आणि एक कोपरा जवळून टिपा. रंगाचे उंचवटे आणि रंग लावायच्या नाइफचे ओरखडे असे दिसतात की दुसऱ्या चित्राशी गल्लत होणं शक्य नाही. उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, फ्रेम सोडून. इंटरपोलच्या 'आयडी-आर्ट' या मोफत अ‍ॅपमध्ये ही सगळी नोंद भरून ठेवता येते.

नाव-नंबर स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर, चिकटवू नका. चोरानं पात्यानं कॅनव्हास कापून गुंडाळून नेले. मागे सात रिकामे स्ट्रेचर, माझी लेबलं शाबूत! नंबर कॅनव्हासच्याच पाठीवर, कडेपासून वीतभर आत, मऊ पेन्सिलीनं, दाब न देता लिहा. मार्कर नको, शाई पुढे उतरू शकते.

चोरी झालीच तर पंचनाम्याआधी कशालाही हात लावू नका. मी रडत रडत स्ट्रेचर नीट रचून ठेवले होते, वर झाडूही मारला. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. इंटरपोलच्या चोरीला गेलेल्या कलाकृतींच्या यादीत आपण स्वतः चित्र घालू शकत नाही, ते पोलिसांमार्फत सीबीआयकडून जातं. त्यासाठी अर्ज द्या आणि पोच घ्या.

गॅलऱ्यांना तर कळवाच, पण त्याआधी फ्रेमवाल्यांकडे जा. कापलेला कॅनव्हास विकायचा तर बहुधा आधी कुणाकडून तरी चौकटीवर ताणून घेतात. मी दुकानोदुकानी फोटो वाटले. अकराव्या दिवशी एका फ्रेमवाल्याचा फोन आला, दोन परत मिळाले. चारही कडांनी दोन-दोन बोटं कमी भरतात. मोजमाप नव्यानं लिहिलंय.