जुन्या ओम्नीत गॅस किट पुन्हा बसवताय? या चुका टाळा

नागपुरात जुनी ओम्नी सहजासहजी भंगारात जात नाही. शाळेच्या पोरांची ने-आण सुटली की ती भाजीला लागते, भाजी सुटली की मंडपवाल्याकडे जाते. मधला एखादा मालक गॅस किट काढून ठेवतो, पुढचा ते परत बसवून घेतो, आणि मग गाडी माझ्या गॅरेजच्या दारात येते. तक्रारी दहा प्रकारच्या, चुका मात्र त्याच त्या. इथे लिहितोय ते एलपीजी किटबद्दल (सीएनजी नाही), तेही कार्ब्युरेटरवाल्या ७९६ सीसी गाडीतल्या. इंजेक्शनवाल्या गाडीचं किट वेगळं, तिला हे जसंच्या तसं लावू नका.

पहिली चूक म्हणजे गाडी गॅसवर बंद पडली की दोष गॅसच्या सामानातच शोधायचा. रेड्युसरमध्ये गॅस पातळ रूपात येतो आणि तिथे त्याची वाफ होते. त्यासाठी उष्णता लागते, ती इंजिनच्या गरम पाण्याकडून मिळते. पाणी नीट फिरलं नाही तर रेड्युसर गारठतो, आतला डायाफ्राम, म्हणजे रबरी पडदा, कडक होतो आणि बाहेरून चक्क बर्फ धरतो. नागपुरात गाडीत बर्फ म्हटलं की गिऱ्हाईक हसतं.

एका डिसेंबरात एक शाळेची व्हॅन आली. मालक वैतागलेला. "भाऊ, सकाळी कामठी रोडला लागली का बंद पडून राहिली. पंधरा मिनिटं उभी ठेवली का आपोआप चालू होते. डायाफ्राम दोनदा बदललं, कॉइल बदलली, आता काय बदलू?"

उभी ठेवली की चालू होते, यातच सगळं आलं. इंजिनची धग हळूहळू रेड्युसरपर्यंत पोचते, बर्फ वितळतो, गाडी निघते, दोन-चार किलोमीटरवर परत तेच. सीट उचलून पाहिलं तर रेड्युसर पांढरा झालेला. पाण्याचा एक होज कोमट, दुसरा थंडगार. होज काढला तर आत पांढऱ्या खपल्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, त्याचा क्षार रेड्युसरच्या वाटेत बसलेला. वर थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच गायब.

"तो उन्हाळ्यात काढला. मिस्त्री म्हणे, इथल्या गरमीत काय कामाचा?"

आपल्याकडचा हा फार लाडका शॉर्टकट आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी तापते. रेडिएटर चोक असतो किंवा पंखा मेलेला असतो, पण ते बघायला वेळ लागतो. थर्मोस्टॅट काढायला लागत नाही. मग हिवाळ्याच्या पहाटे पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन तापतच नाही आणि रेड्युसर उपाशी. त्या व्हॅनला नवा थर्मोस्टॅट टाकला, रेड्युसरची पाण्याची वाट साफ केली, कूलंट भरला. डायाफ्रामला हात लावला नाही. जुनी कॉइल मागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती, ती चांगलीच निघाली.

याच्याच जोडीची चूक, रेड्युसर उंचावर बसवणं. हात सहज पोचतो म्हणून बसवतात, पण तो रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर गेला की त्यात हवा अडकते. मी तो खालीच घेतो, पुढे कधी काढताना कोपरं सोलली तरी चालेल. आणि दोन्ही होज हाताला चटका देईपर्यंत गाडी गॅसवर टाकत नाही.

दुसरी चूक मला खरोखर चीड आणते: टाकीचा फ्लोट, म्हणजे गॅसची पातळी ओळखणारा तरंगता भाग, वाकवणं. टाकीवरचा मल्टीव्हॉल्व्ह त्या फ्लोटच्या जोरावर ८० टक्क्यांवर भरणं बंद करतो. वरची जागा कंपनी वाया घालवते असं काही हुशार लोकांना वाटतं. पातळ गॅस उन्हात पाण्याच्या कितीतरी पट फुगतो, त्यासाठी ती जागा असते. अशीच एक 'जास्त गॅस बसणारी' गाडी कळमन्याच्या बाजारात भर दुपारी उभी होती. टाकी काठोकाठ, ऊन डोक्यावर. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि शिट्टीसारखा आवाज करत गॅस बाहेर आला. हमाल पोती टाकून पळाले. जवळ कोणी बिडी पेटवलेली नव्हती, एवढंच नशीब. मालक मला म्हणतो, व्हॉल्व्ह खराब निघाला! अरे बाबा, त्या व्हॉल्व्हनेच तुला वाचवलं.

टाकीचीच गोष्ट निघाली आहे तर: भंगारातून आणलेली, प्लेट घासलेली टाकी मी बसवत नाही. दर ५ वर्षांनी तपासणी लागते, तारीख दिसली पाहिजे. ब्रॅकेट जमत नाही म्हणून टाकीला वेल्डिंग करणाऱ्याला गॅरेजमध्येच येऊ देऊ नका. मल्टीव्हॉल्व्हवरचा डबा आणि गळलेला गॅस गाडीबाहेर नेणारी त्याची नळी 'नुसती अडचण' म्हणून फेकू नका. मागे पोरं बसतात. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून गॅस भरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, गाडी परत पाठवतो.

गळती साबणाच्या फेसाने बघतात, काडी ओढून नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम करू नका. तांब्याची जुनी नळी परत वापरायची असेल तर टोक कापून नवं फेरूल (जोडात आवळली जाणारी कडी) टाका. जुनंच फेरूल जोर लावून आवळलं की आज गळत नाही, महिन्याने गळतं.

पिकअप नाही म्हटलं की नवशिक्यांचा हात आधी पॉवर स्क्रूवर, म्हणजे गॅस कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूवर, जातो. फिरवायच्या आधी तो पूर्ण आत घेताना आटे मोजा आणि खडूने लिहून ठेवा, म्हणजे निदान परत येता येईल. त्याहीआधी प्लग बघा. गॅसला पेटायला ठिणगी जोरकस लागते. पेट्रोलवर चालून जाणारी सुस्त कॉइल किंवा चिरलेली प्लगवायर गॅसवर लगेच उघडी पडते. मग बॅकफायर होतो आणि एअर फिल्टरचं झाकण उडतं. मी प्लगचा गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. इंजिनच्या व्हॉल्व्हचा क्लिअरन्स, म्हणजे फटही पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर बघतो, कारण गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि क्लिअरन्स कमी होत जातो.

आरसीवर इंधनाची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. थर्ड पार्टीला वाढीव ६० रुपये लागतात; तेवढ्यासाठी क्लेम अडकवून घेणारे बघितलेत.

राहिलं पेट्रोल. किट बसलं की लोक पेट्रोलला विसरतात. कार्ब्युरेटर कोरडा पडतो, अॅक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम आखडतो. टाकीत थोडं पेट्रोल ठेवा, सकाळी त्यावर चालू करा आणि इंजिन तापलं की स्विच मधल्या खुणेवर आणा, तिथे दोन्ही इंधनं बंद असतात. कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल संपून गाडी जराशी अडखळली की मगच गॅसवर घ्या. घाईने सरळ गॅसवर टाकलं तर दोन्ही इंधनं एकदम जातात, गाडी गुदमरते, आणि माणूस पुन्हा पॉवर स्क्रू फिरवायला लागतो.