दऱ्यांचा दर्या करू नका: जुना कोश एक्सएमएलमध्ये आणताना या चुका टाळा

जुना छापील शब्दकोश एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक भागाला टॅगची खूण लावलेल्या फाइलमध्ये, उतरवण्याच्या कामावर नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "ताई, हे सगळं हाताने कशाला? एक स्क्रिप्ट चालवू ना." स्क्रिप्ट मीही चालवते. पण अशाच एका स्क्रिप्टने आमच्या फाइलमधल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या केला होता, म्हणून आधी तेच सांगते.

दऱ्या, बिचाऱ्या, गुऱ्हाळ यांतला पापणीसारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक (डोळ्यांना न दिसणारं चिन्ह) आणि पुढचं अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आमच्याकडे चौघे टंकत होते, त्यामुळे फाइलमध्ये दोन्ही प्रकार शिरले आणि शोधताना बरेच शब्द सापडेनात. एकाने घाईघाईत सगळे जोडक 'अदृश्य कचरा' म्हणून एका फटक्यात काढले. जोडक गेला की त्या र चा रफार होतो. दरीचं अनेकवचन समुद्र झालं. 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालं, म्हणजे स्वयंपाकी जाऊन तिथे गुरू आले. शब्द दोन्ही खरे, त्यामुळे स्पेलचेकर गप्प.

तीन आठवड्यांनी मुद्रितं वाचणाऱ्या गुरुजींनी 'डोंगरदर्या'भोवती लाल गोल काढला, तेव्हा आम्हाला कळलं. जुनी प्रत होती. पण मधल्या काळात शेकडो दुरुस्त्या झालेल्या, आणि दुसरी चूक इथे आडवी आली: नोंदींचे आयडी आम्ही ओळीने दिले होते, १, २, ३. दोन नोंदी फोडल्यावर पुढचे सगळे आकडे सरकले, आणि जुन्या प्रतीतली नोंद नव्या प्रतीत कुठली, हे यंत्राला सांगता येईना. शेवटी र्य आणि र्ह असलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढली. सूर्य, धैर्य, पर्याय तसेच ठेवले, बिचार्या आणि पुढार्या सुधारले, आणि 'आचार्यांना'साठी दर वेळी छापील पान उघडलं.

आता मी आधी 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घालते आणि उरलेले जोडक एकेक बघून काढते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणारी पद्धत. तिच्या एनएफसी नॉर्मलायझेशनवर, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकलेलं असेल तर ते एकसारखं करण्याच्या सोयीवर, हे सोपवू नका. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) सुटे असतील तर ते त्यांचा ऱ करतं, जोडकवाल्या र ला मात्र हात लावत नाही. एकसंध ॲ आणि अ वर वेगळा चंद्र देऊन केलेला ॲ यांनाही ते एक मानत नाही.

आयडी एकदा दिला की तो बदलायचा नाही. नोंद फोडली तर नव्या भागाला नवा आकडा, नोंद गाळली तर तो आकडा कायमचा रिकामा. शब्दावरूनही आयडी बनवू नका: 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सारा, दोघांना एकच आयडी जाईल.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पुस्तक 'सुधारणाऱ्यां'चा. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ मधले, शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. तेव्हा त्यात 'नांव', 'घरांत', 'केलें' असंच असणार. हे अनुस्वार पुसू नका. 'काम केलें' मधला अनुस्वार नपुंसकलिंगी एकवचन सांगतो. तो गेला की 'उद्योग केले' मधलं पुल्लिंगी अनेकवचन आणि हे एकसारखे दिसतात. आजचं रूप शोधासाठी हवंच असेल तर टीईआयमध्ये, म्हणजे ग्रंथांना एक्सएमएल टॅग लावण्याच्या प्रमाण पद्धतीत, चॉइस टॅग आहे, त्यात ओरिजमध्ये छापील रूप आणि रेगमध्ये आजचं. छपाईची उघड चूक असेल तर सिकमध्ये ती चूक आणि कॉरमध्ये दुरुस्ती. एवढी सोय असताना मूळ पुसायला हात धजावतोच कसा?

ठळक आणि तिरप्या अक्षरांनाच टॅग लावत बसू नका. तिरपं का छापलं, व्याकरण म्हणून की उदाहरण म्हणून, ते आधी ठरवा. 'न.' म्हणजे नपुंसकलिंग हे गृहीत धरू नका, कोशाच्या सुरुवातीची संक्षेपांची यादी वाचा. पान आणि रकाना नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करू नका, देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. ओसीआरनंतर, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने अक्षरं ओळखल्यावर, घ-ध, भ-म आणि ब-व डोळ्यांनी तपासा.

शब्दांचा क्रमही यंत्रावर सोडू नका. युनिकोडच्या आकड्यांनुसार लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. पुस्तकातला क्रम जसाच्या तसा नोंदवून ठेवा.

रोज संध्याकाळी मी फाइलमधलं प्रत्येक चिन्ह किती वेळा आलं ते मोजून कालच्या मोजणीशेजारी ठेवते. दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी ही मोजणी असती, तर जोडकांपुढचं शून्य त्याच संध्याकाळी दिसलं असतं.